सगळं सोबत घेऊन आलेली फाइल

१४ मे. सकाळी नळाला पाणी आलं म्हणून कीबोर्ड धुवायला काढले. चमच्याच्या दांडीनं एकेक बटण उचकटायचं, साबणाच्या पाण्यात टाकायचं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं कडा घासायच्या आणि गच्चीवर चादरीवर पसरून द्यायची. टायपिंगच्या परीक्षेआधी हे काम मी करतेच. शेवटच्या दिवसांत पोरी डबा खात खात सराव करतात. लोणच्याचं तेल बटणावर बसलं की बोट घसरतं, आणि बोट घसरलं की शब्द गेला.

माझे सासरे, नाना, गच्चीच्या दारात सावलीला खुर्ची टाकून बसलेत. पंचाऐंशी ओलांडली आहे, पण नजर साफ आहे. चादरीकडं बराच वेळ बघून म्हणाले, "सांडगे घातलेस का यंदा?"

"हो. कावळ्यांवर लक्ष ठेवा. एक जरी नेला तर 'ळ' येणार नाही."

"आमच्या मशीनची बटणं कधी धुवावी लागली नाहीत."

"तुमच्यासमोर बसून डबा खायची कुणाची हिंमत होती का? तुमच्या धाकानं पोरी पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत."

नाना खूश झाले. धाक होता एवढं कुणी कबूल केलं की त्यांना पुरतं.

एका वर्षी मात्र मी कीबोर्ड धुतले नव्हते. त्या वर्षी नळाला पाणी कधी यायचं ते नळालाही माहीत नव्हतं. आलं तर तास-दीड तास, पिवळट, तळाशी गाळ बसणारं. बटणं ओल्या फडक्यानं पुसली आणि फडकं पिळलेलं पाणी जिन्यातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकलं. इन्स्टिट्यूटमधला कूलर कोरडाच होता, त्यात मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले. संगणकांचे पंखे आतली गरम हवा बाहेर फेकायचे, बाहेरची गरम हवा खिडकीतून आत यायची, आणि मध्ये पोरी 'सदर प्रस्तावाच्या अनुषंगाने' असं काहीबाही बडवत बसायच्या. खोलीत तापलेल्या प्लॅस्टिकचा, घामाचा आणि रस्त्यावरच्या धुळीचा मिळून एक वास असायचा. अजून कुठं तो वास आला की घशाला कोरड पडते.

आणि शहर त्याच वर्षी सगळ्यांत जोरात वाढत होतं. बायपासला रोज नवा मजला चढायचा. बजाजनगरहून, गंगापूरच्या बाजूनं येणाऱ्या पोरींना जुनी ओळखीची वळणं सापडायची नाहीत. इमारतीला रंग लागायच्या आधी फाटकावर टँकर लागायचा. बांधकामाला पाणी कुठून यायचं हे विचारायचं नाही, असा एक अलिखित शिष्टाचार होता.

इन्स्टिट्यूट औरंगपुऱ्यात, एका औषधाच्या दुकानाच्या वर. नानांनी ती टाइपरायटरवर चालवली, जवळजवळ चाळीस वर्षं. परीक्षा संगणकावर गेली तेव्हा नाना म्हणाले, "आता तू बघ." मी लग्नाआधी पुण्यात एका लहान कंपनीत प्रोग्राम लिहायचे, त्यामुळं बघणं मलाच आलं. वाळूजमधल्या एका कारखान्यानं काढून टाकलेले संगणक आम्ही घेतले. जुने होते, पण टायपिंगला काय लागतं? अडचण वेगळीच निघाली. वीज जायची. सांगून जायची, न सांगता जायची. संगणक स्वतःला सुधारून घेत असतो, पडद्यावर 'बंद करू नका' असं लिहिलेलं असतं, आणि तेवढ्यात अख्खी गल्ली काळोखात. पुन्हा चालू केला की यंत्र अर्धवट सुधारलेलं, म्हणजे बिघडलेलं. एका आठवड्यात तीन गेले. वर पोरींच्या पेन ड्राइव्हमधून येणारे व्हायरस होतेच.

"माझ्या मशीनला लाइट लागत नव्हती," नाना रोज म्हणायचे.

"तुमच्या मशीनवर आता परीक्षाही होत नाही," मी रोज म्हणायचे.

शेवटी पुण्याच्या मंगेशला फोन केला. आम्ही एकाच कंपनीत शेजारी बसायचो. मंगेशला नेहमी काहीतरी असं ठाऊक असतं जे दुसऱ्या कुणाला नको असतं. त्यानं एक ऑपरेटिंग सिस्टीम सुचवली. नाव सांगून उपयोग नाही, शहरात तेव्हा ती दुसऱ्या कुणाकडं असेल असं मला वाटत नाही. तिची रीत अशी, की संगणक कसा हवा ते एका फाइलीत लिहायचं, स्वयंपाकाची कृती लिहावी तसं. हा फॉन्ट, हा कीबोर्ड, हे घड्याळ. ती कृती वाचून यंत्र स्वतःला नव्यानं घडवतं, पण जुनं मोडत नाही. जुनी अवस्था तशीच शेजारी ठेवते. नवी पूर्ण झाली तरच तिच्यात पाऊल टाकते. मध्येच वीज गेली? जाऊ दे. चालू केलं की पडद्यावर ओळी येतात, कालची ओळ निवडायची, यंत्र कालच्यासारखं उभं.

"मंगेश, यात खोट काय आहे ते आधी सांग," मी विचारलं.

"बाहेरचं काही चालत नाही गं त्यात. म्हणजे चालतं, पण रडवतं."

"किती?"

"सुनंदा, तू रडत नाहीस म्हणूनच तुला सांगतोय."

मी ती सगळ्या यंत्रांवर चढवली. त्यानंतर विजेनं एकही यंत्र नेलं नाही. पहिल्या महिन्यात वीज गेली की मी फक्त खिडकी उघडायचे आणि पोरींना म्हणायचे, "बोटं मोडून घ्या तोवर." केवढं सुख होतं ते!

रडवणं सुरू झालं ते सरावाच्या प्रोग्राममुळं. परीक्षेत येतो तसाच पडदा हवा होता. वर उतारा, खाली टाइप करायची जागा, कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ, मग पत्र, मग तक्ता. मंगेशच्या ओळखीच्या कुणीतरी हौसेनं तो लिहिला होता आणि फुकट वाटला होता. एकच फाइल. काही बसवायचं नाही, काही मागायचं नाही, दोनदा टिचकी मारली की चालू. 'लागणारं सगळं सोबत आहे' असं त्याच्यासोबत लिहिलेलं होतं.

मी टिचकी मारली. उत्तर आलं, अशी कोणतीही फाइल नाही.

फाइल तर समोर दिसत होती. नाव बरोबर, आकार बरोबर. पुन्हा तेच उत्तर. मी खुर्ची मागं सारून त्या पडद्याकडं बघत बसले. डोळ्यासमोर असलेल्या माणसाला 'असा कुणी इथं राहत नाही' म्हणावं, तसला प्रकार.

खरं तसंच होतं, फक्त उलट्या बाजूनं. फाइल सापडत नव्हती असं नाही. फाइलीला पहिल्या पावलाला जो मदतनीस लागतो तो सापडत नव्हता. नेहमीच्या संगणकात तो ठरलेल्या जागी असतो, आणि सगळे प्रोग्राम तो तिथं असणारच असं धरून येतात. माझ्या सिस्टीममध्ये ठरलेली जागाच नाही. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र घर, दारावर लांबलचक क्रमांक, आणि चौक नाही, खुणेचं झाड नाही. आपल्याकडचा कुरिअरवाला आठवा. 'पाण्याच्या टाकीसमोरची गल्ली, किराणा दुकानाच्या मागं' एवढ्यावर तो बिनचूक येतो. त्यालाच बायपासच्या नव्या वसाहतीत सोडा. टाकी नाही, दुकान नाही, नुसते आकडे. तो फोन करून म्हणणार, "म्याडम, ऐसा पताच नै है इधर."

उपाय असा होता, की त्या प्रोग्रामपुरतं एक खोटं गाव वसवायचं. त्यात टाकी टाकीच्या जागी आणि दुकान दुकानाच्या जागी दाखवायचं. आत आलेल्या प्रोग्रामला वाटतं आपण ओळखीच्या मुलखात आहोत. बाहेरच्या माझ्या आकड्यांच्या वसाहतीला धक्का लागत नाही. हे गाव मला जमायला बरेच दिवस गेले. पण जमलं, आणि एका दुपारी पडद्यावर मराठी उतारा आला, कोपऱ्यात घड्याळ उलटं धावू लागलं. मी उठून खाली गेले आणि उसाचा रस प्याले, बर्फ न घालता. त्या वर्षी बर्फाच्या पाण्यावर माझा विश्वास नव्हता.

याच सुमाराला पाहुण्यांची एक नवी रीत पडली होती. लोक एकमेकांकडं जाताना पाणी घेऊन जायचे. सोयरे असोत की शेजारी, पिशवीतून दोन लिटरची बाटली निघायची. "आमचं आम्ही आणलंय, तुम्ही तसदी घेऊ नका." पहिल्यांदा लाज वाटली, मग सवय झाली. पण मी बारकाईनं पाहायचे. पाणी आणलेला पाहुणा पेला मात्र यजमानाचाच घ्यायचा. तो गेल्यावर तो पेला आपण विसळायचो, आपल्या पाण्यानं. त्याला ते दिसायचं नाही आणि आपणही सांगायचो नाही. सगळं सोबत आणलंय असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. ज्या गोष्टी प्रत्येक घरात असतातच त्या तो मोजत नाही, एवढंच. आपला नळ पूर्ण बंद केल्याशिवाय पाहुण्यानं खरोखर काय आणलंय ते कळत नाही.

नसीमच्या वेळी मला हे नीट समजलं.

नसीम सिल्लोडची. पस्तिशीची असेल. तिचा नवरा तिथल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक होता. तो अचानक गेला, आणि त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर हिला घेतलं. अट अशी, की मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची. ती दोनदा नापास झाली होती. मुदतीत आता एकच परीक्षा उरली होती. ती गेली की नोकरी गेली. घरात दोन लहान पोरं आणि गुडघ्यांनी बसवून ठेवलेली सासू.

पहिल्या दिवशी ती नानांसमोर बसली आणि म्हणाली, "ऑफिसात समदे मला टायपिस्ट म्हणून हाक मारायलेत नाना, अन् मी अजून पत्र हातानंच लिहायलेय. अक्षर लई चांगलंय माझं. त्याचा काय उपयोग?"

नानांची पहिली इयत्ता निजामाच्या राज्यात उर्दूत झालेली. ते तिच्याशी दख्खनीतच बोलायचे. "घबराती कायको, बेटा. मशीन कहीं भाग नै रा."

"मशीन नै भागता, नाना. टायम भागता."

हात चांगला होता तिचा. फक्त घड्याळ दिसलं की गडबडायची. तिला त्या उलट्या धावणाऱ्या घड्याळासमोर रोज बसवायला हवं होतं. आणि ती फक्त रविवारी येऊ शकत होती. त्यात मार्चपासून त्यांच्या गल्लीत टँकर रविवारीच यायला लागला. सासू उठत नाही, पोरांना पाइप धरता येत नाही. टँकर चुकला की आठवडाभर पाणी नाही, क्लास चुकला की नोकरी. जळगाव रोड तर तेव्हा खोदून ठेवलेला. काळी-पिवळी जीप खड्ड्यांतून उतरत-चढत यायची, आणि नसीम धुळीनं पांढऱ्या भुवया घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. सलग दोन रविवार ती आलीच नाही. तिसऱ्या रविवारी आली ती सांगायला, की आता जमणार नाही.

"मग परीक्षा?" मी विचारलं.

"देईन की. फी भरलीय."

"सरावाशिवाय?"

"मॅडम, पानी सोडू का सराव सोडू, तुमीच सांगा."

मी कनवाळू वगैरे नाही. पण कोपऱ्यात एक संगणक पडून होता आणि त्या जागी मला कपाट हवं होतं. म्हटलं, हा घेऊन जा. तिच्या शेजाऱ्याची पिकअप शहरात मका टाकून रिकामी परत चालली होती, म्हणजे त्याच दुपारी न्यायचा. घाईघाईत मी त्यावर नुसती सिस्टीम चढवली. डिस्क लहान होती, म्हणून कृती अगदी तुटपुंजी लिहिली. नेटबिट तिच्याकडं नव्हतंच. प्रोग्राम मागाहून पेन ड्राइव्हवर पाठवते म्हटलं. सगळं सोबत असणारी फाइल आहे, तिला काय लागतंय?

पिकअपमध्ये गोणपाटावर संगणक ठेवला. नाना जिन्यातून ओरडले, "पडदा आडवा ठेवू नका रे!" ड्रायव्हर म्हणाला, "नाना, रस्ताच आडवा-उभा हाय, पडद्याचं काय घेऊन बसलात."

मी प्रोग्राम आणि ते खोटं गाव एकत्र बांधून एकच गाठोडं केलं. इन्स्टिट्यूटच्या यंत्रावर चालवून पाहिलं. उत्तम चाललं. पेन ड्राइव्ह औषधाच्या रिकाम्या डबीत घातला, डबीला चिकटपट्टी लावली आणि जीपच्या ड्रायव्हरच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी नसीमचा फोन.

"मॅडम, चालू झालं. घड्याळ पळायलंय."

"छान. उतारा दिसतोय ना?"

"उतारा नाय. चौकोन दिसायलेत."

"कसले चौकोन?"

"रिकामे. एकापुढं एक, लायनीत. आमच्या गल्लीतले ड्रम कसे लावलेत, तसे. मधून मधून पूर्णविराम हाय."

मला क्षणभर हसू आलं, मग आलं नाही. परीक्षा दोन-तीन आठवड्यांवर आली होती.

झालं काय होतं ते जेवताना लक्षात आलं. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं सगळं बांधलं होतं, पण मराठी फॉन्ट बांधला नव्हता. त्याच्या घरात मराठी फॉन्ट होताच. मंगेशच्या घरात होता. माझ्या इन्स्टिट्यूटच्या यंत्रांवर होता, कारण माझ्या कृतीत तो पहिल्या ओळीत. मराठी माणसाच्या संगणकात मराठी अक्षर नसेल हे कुणाच्या मनातच आलं नाही. नसीमच्या यंत्रावर मी जागा वाचवायला त्याला फाटा दिला होता, आणि प्रोग्राम उतारा घेऊन दारात उभा राहून अक्षरं मागत होता.

मी ती फाइल उघडली. असली फाइल उघडता येते, आत एक लहानसं घरच निघतं. खोल्या, कपाटं, कपाटांत कपाटं. सगळं शोधलं. इंग्रजी अक्षरं होती, बाणांची चिन्हं होती, एक हसरा चेहराही होता. मराठी नाही. मुक्तपणे वाटता येणारा एक मराठी फॉन्ट आत ठेवला, घर पुन्हा बंद केलं, बाहेरून खोटं गाव बांधलं.

पण आता इन्स्टिट्यूटच्या यंत्रावर चालवून पाहण्यात अर्थ नव्हता. तिथं नळ चालू होता. म्हणून एका यंत्राची कृती बदलली आणि सगळं काढून टाकलं. फॉन्ट नाही, सोयी नाहीत, नेटची वायर उपटलेली. यंत्र तसं उजाड होऊन उभं राहिलं. नाना शेजारी येऊन थांबले. "बिघडवलंस?"

"मुद्दाम."

"आम्ही मशीन मुद्दाम कधी बिघडवली नाही."

"तुम्हाला कालची मशीन परत मागता येत नव्हती. मला येते. बसा."

गाठोडं चालवलं. पुन्हा चौकोन. फॉन्ट आत होता, पण प्रोग्राम अजून बाहेरच्या घराकडंच हात पसरत होता. आधी स्वतःच्या कपाटात बघ, हे त्याला सांगणारी एक ओळ राहिली होती. ती लिहिली. पुन्हा बांधलं. पुन्हा चालवलं.

'महोदय' आला. मग 'उपरोक्त विषयान्वये'. जोडाक्षरांसकट, काना-मात्रा जागच्या जागी.

"आला की!" नाना म्हणाले. मी उसासा टाकला आणि मगच लक्षात आलं, की इतका वेळ मी खांदे कानापर्यंत वर ओढून बसले होते.

यंत्राला कालची ओळ निवडून पूर्ववत केलं. डबी पुन्हा जीपवाल्याकडं दिली. "काय औषध चाललंय मॅडम रोज रोज?" त्यानं विचारलं. "अक्षरांचं," मी म्हटलं. तो बिचारा गंभीर चेहरा करून 'बरं' म्हणाला. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

संध्याकाळी फोन वाजला. मागं भांड्यांचा आवाज, पोरांचा आवाज, सासूचं काहीतरी विचारणं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"थांबा, वाचते. 'जि-ल्हा-धि-का-री का-र्या-लय.' समदं दिसायलंय, मॅडम. 'क्ष' पण हाय."

"घड्याळ?"

"पळायलंय मेलं. पळू द्या. म्या बी पळते."

त्यानंतर तिचे फोन यायचे ते फक्त आकडे सांगायला. आज एवढे शब्द, एवढ्या चुका. कधी म्हणायची, "आज नाय झालं, टँकर आला होता, हात थरथरायलेत." सासू उतारे वाचून दाखवायला लागली होती म्हणे. तिला मराठी वाचायला धाकट्या नातवानं शिकवलं होतं, त्यामुळं ती शब्द तोडून तोडून वाचायची, आणि नसीमचं म्हणणं असं, की त्यानं तिची लय बिघडायची. "अम्मीला गप बसायला सांगते तर ती म्हणती, मला बी परीक्षेला बसव."

परीक्षेच्या दिवशी मी आणि बाकीचे इन्स्टिट्यूटवाले केंद्राबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे. सगळ्यांचे चेहरे टँकरची वाट बघणाऱ्या लोकांसारखे. नसीम बाहेर आली. हातात रिकामी बाटली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "गतीचा उतारा पुरा झाला. तक्त्यात एक रकाना सरकला वाटतं. आता विचारू नका काही. दोनची जीप गाठायचीय."

निकालाला बराच वेळ लागला. तोवर मी तिला फोन केला नाही, तिनंही केला नाही. मी दुसऱ्या कामांत होते असं म्हणता येईल, पण निकालाचं पान रोज उघडून बघत होते. तिचा परीक्षेचा क्रमांक मला पाठ झाला होता आणि अजून पाठ आहे. ज्या दुपारी निकाल लागला त्या दुपारी नेमकं ते पान उघडेना. अख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरी एकदम बघत होत्या. मी पुन्हा पुन्हा टिचकी मारत होते तेव्हा फोन आला.

"मॅडम."

"बोल."

"झाले."

"पास? किती मार्क?"

"मार्क नका विचारू हो मॅडम. पास झाले, तेवढं ऐका."

मी ऐकलं. पलीकडं ती रडत होती की हसत होती ते कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. नानांना सांगितलं. ते म्हणाले, "रकाना सरकला होता ना तिचा?" मी म्हटलं, "सरकला तरी बसला." ते खुर्चीत मागं रेलले आणि डोळे मिटून घेतले. त्यांना झोप लागली.

मला मोठा आनंद असा फारसा होत नाही. लग्नात, पोराच्या निकालात, नव्या घराच्या वास्तुशांतीतही मी पंगत वेळेवर बसते की नाही ते बघत होते. मला होतं ते हलकं वाटणं. ओढून धरलेली एखादी गोष्ट हातातून खाली ठेवावी, बोटं उघडावीत, बोटांवरचे वळ थोडा वेळ दिसावेत आणि मग जावेत. त्या दुपारी तसं झालं. मी खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यावर पाण्याचा टँकर गळत चालला होता आणि मागं ओला पट्टा सोडत होता. एरवी मी त्या ड्रायव्हरला वरून चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी नुसती बघत राहिले.

आता गच्चीवर ऊन कलतंय. बटणं वाळलीत. बसवायला घेतलीत. नव्या बॅचमधल्या एकीनं विचारलं, "मॅडम, घरी लॅपटॉपवर सरावाचा प्रोग्राम मिळेल का?" मिळेल म्हटलं. तेच गाठोडं आहे, दर वर्षी नव्यानं बांधते. आणि बाहेर द्यायच्या आधी एका उजाड यंत्रावर चालवून पाहते. पाहुणा घरात घ्यायच्या आधी आपला नळ बंद करून ठेवावा तसं. पोरींना गंमत वाटते. "मॅडम, चालतंय ना इथं, मग परत कशाला बघायलात?" मी सांगत नाही. सांगितलं तर लांबण लागतं, आणि परीक्षा जवळ आली आहे.

पण तेव्हाचं एवढं सांगून टाकते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली एसटी पकडून सिल्लोडला गेले. नव्या बॅचला यंत्र कमी पडत होतं, तिचं काम झालं होतं, म्हटलं आपणच जाऊन घेऊन यावं. घरी गेले तर सासू म्हणाली, ती कवाच गेली हापिसात. तिथं गेले. लांबट खोली, भिंतीला कपाटं, शेवटच्या टेबलावर नसीम. समोर एक म्हातारा अर्ज घेऊन उभा.

"बाई, झालं का?"

"दोन ओळी राहिल्यात, काका. टेबल नका हलवू."

तिची नजर कागदावर होती आणि हात कीबोर्डवर चालू होते. माझी चाहूल लागली असावी, कारण तिनं हनुवटीनंच भिंतीकडच्या बाकाकडं खूण केली. कोण आलंय ते पाहिलंही नाही. मी बाकावर, रांगेत माझ्या आधी आलेल्या दोघांच्या शेजारी जाऊन बसले.